पाळक म्हणजे भगत नव्हे, आणि गोळ्या फेकणं म्हणजे विश्वास नव्हे

जरा लांब लिहिणार आहे. सवडीने वाचा, पण अर्धं वाचून कॉमेंट टाकू नका, एवढी विनंती.

गेल्या महिन्यात दोन वाक्यं ऐकली. पहिलं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर. कुणीतरी विचारलं होतं की घरात एकाला मनाचा त्रास आहे, आपल्या रत्नागिरीत कुणी ख्रिस्ती समुपदेशक माहीत आहे का. त्यावर ग्रुपमधल्या एका शिकलेल्या, पुरोगामी, एरवी मला आवडणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं, "म्हणजे भगतच की, फक्त धोतराऐवजी पॅन्टवाला." खाली हसणारे चेहरे सतरा-अठरा. विचारणारी व्यक्ती ग्रुप सोडून गेली.

दुसरं वाक्य एका प्रार्थनासभेतलं. बाहेरगावाहून आलेल्या उपदेशकाने माइकवरून सांगितलं की ज्याचा प्रभूवर खरा विश्वास आहे त्याला झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्या लागत नाहीत, आज घरी गेल्यावर त्या कचऱ्यात टाका. लोकांनी "आमेन" म्हटलं. माझ्या शेजारच्या बाईने मांडीवरची पर्स घट्ट धरली. त्या पर्समध्ये काय होतं ते मला ठाऊक आहे.

हे दोघे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, भेटले तर भांडतील. पण मुळात दोघेही एकच सांगतायत: विश्वास आणि औषध यातलं एक काहीतरी निवड. मला हे मान्य नाही. का मान्य नाही ते आज लिहिते.

आधी माझं सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. मी इथलीच, शाळेत शिकवते, जन्माने आणि मनानेही ख्रिस्ती. २०२१ च्या मे महिन्यात माझे मिस्टर गेले. त्या दिवसांत कोण कसं गेलं, किती जण दफनाला होते, ते सगळ्यांनाच आठवत असेल. त्यानंतर सात-आठ महिने मला झोप नव्हती. वर्गात फळ्यावर तारीख लिहायला उभी राहायची आणि तारीखच आठवायची नाही. मुलीने धरून डॉक्टरांकडे नेलं. मानसोपचाराचे डॉक्टर, एमडी. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, कुणाशी तरी नियमित बोला. गोळ्यांनी तीन-चार आठवड्यांत झोप आली. देवाचे आभार मानते, आणि त्या डॉक्टरांचेही.

मग बोलायला गेले एका बाईंकडे. बाई वाईट नव्हत्या, शिकलेल्या होत्या. पण मी म्हटलं की मला प्रार्थना करता येत नाही, तोंड उघडलं की राग येतो, आणि चाळीस वर्षं ज्याला बाप म्हटलं त्याच्यावर रागावल्याची भीती वाटते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "ते धार्मिक विषय आपण बाजूला ठेवू, आणि तुमच्या दिनक्रमावर बोलू." अहो, बाजूला काय ठेवू? तोच तर विषय होता! दिनक्रम माझा चांगला होता. साडेपाचला उठत होते, डबा भरत होते. जे मोडलं होतं ते दुसरीकडेच मोडलं होतं.

शेवटी एका ओळखीतून मिरजेकडच्या एक ताई मिळाल्या. मानसशास्त्र रीतसर शिकलेल्या, आणि ख्रिस्ती. दर शनिवारी फोनवर बोलायचो. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत? डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करायची नाही." दुसरं म्हणजे, "देवाची इच्छा होती" हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. मंडळीत ते मी शंभर वेळा ऐकलं होतं. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्यांनी मला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायला सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बायबलातल्या दुःखाच्या स्तोत्रांमध्ये शेवटी बहुतेक वेळा आशेची, स्तुतीची ओळ येते. या स्तोत्रात ती येत नाही. ते काळोखातच संपतं. आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. ताई म्हणाल्या, "बघा, रागावलेली प्रार्थना पण प्रार्थनाच असते." त्या दिवशी मी रडले. आधीच्या बाई मला हे देऊ शकल्या नसत्या, कारण त्यांच्याकडे ती चावीच नव्हती. त्यात त्यांचा दोष नाही, पण मला ती चावी हवी होती.

याला मी विश्वासावर आधारलेलं समुपदेशन म्हणते. हातात अंडं-लिंबू नाही, अंगात येणं नाही, "सैतान निघ" म्हणून ओरडणं नाही. माझ्या मनाची भाषा जाणणारी, आपलं काम शिकलेली एक बाई, बस्स.

आता पुरोगामी मित्रांशी आधी बोलते.

तुम्ही मला डॉ. दाभोलकरांचा कायदा दाखवता. दाखवा की. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, आणि त्यांनी ज्यासाठी आयुष्य घातलं तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर महाराष्ट्रात झाला. मला त्याचा अभिमान आहे. पण तो कायदा वाचलाय का? भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, हे त्याच्या अनुसूचीत गुन्हे म्हणून आहे. आणि त्याच कायद्यात पुढे स्पष्ट केलंय की घरात, देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात, चर्चमध्ये होणारी जी प्रार्थना-उपासना कुणाला शारीरिक इजा करत नाही, आर्थिक नुकसान करत नाही, तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे ज्याच्या नावाने तुम्ही हसता, त्याच कायद्याने तुम्ही पुसलेली रेघ ठळक ओढून ठेवलीय.

अजून एक. तुमच्यापैकीच कितीतरी जण दारू सोडवायला माणसाला 'एए'च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीला पाठवतात. चांगलं करता. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या त्या चळवळीच्या बारा पायऱ्या कधी वाचा. त्यात आपल्याहून मोठ्या शक्तीवर विसंबणं आहे, कबुली आहे, प्रार्थना आहे, देव हा शब्द सुद्धा आहे. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं, ते याच पायऱ्या आणि अय्यंगारांचा योग यांची सांगड घालून. तिथे नाही कुणी म्हणत, "भगतच की." मग एखाद्या विधवेने, एखाद्या नापास झालेल्या पोराने आपल्या श्रद्धेच्या भाषेत कुणाशी बोलायचं म्हटलं की एवढं हसू का येतं?

आणि खरं सांगू का, रत्नागिरीच्या माणसाला हसायचा अधिकार सगळ्यात कमी. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे कुणाला वेड्यात काढायचं असलं की म्हणतात, "याला रत्नागिरीला पाठवा." मुंबईवाले ठाण्याला पाठवतात, पुण्याचे येरवड्याला. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि आपलं. आपलं सगळ्यात लहान, १८८६ पासूनचं, इंग्रजांच्या काळातलं. दारात एवढं जुनं हॉस्पिटल असून त्याच्या गेटातून आत जाताना माणूस आजही तोंडाला रुमाल बांधतो, कुणी ओळखीचं बघेल म्हणून. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आलं की देशात दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या घडीला कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. उपचार न मिळालेली ही माणसं कुठे जातात? देवस्की करणाऱ्याकडे, कौल लावायला, दर्ग्यावर, प्रार्थनासभेत. "बाहेरचं झालंय" हा आपल्याकडचा पहिला निदानाचा शब्द आहे, धर्म कुठलाही असो. म्हणजे लोक श्रद्धेच्या दारात आधीच उभे आहेत. त्या दारात बसलेला माणूस शिकलेला असावा, त्याने पुढे डॉक्टरांकडे पाठवावं, यासाठी झगडायचं की दारच बंद करा म्हणून ओरडायचं? दार काही बंद होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

जाता जाता एक. काहींना ख्रिस्ती समुपदेशन म्हटलं की लगेच धर्मांतर दिसतं. मी आधीच ख्रिस्ती आहे हो, माझं अजून काय करणार? कोकणातला ख्रिस्ती समाज काल आलेला नाही. १८२० च्या दशकात स्कॉटिश मिशनरी बाणकोट-हर्णैला आले. ख्रिस्ती कवी म्हणून ज्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो ते नारायण वामन टिळक आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंनी तेव्हा घेतला नाही. पुढे काही वर्षांनी घेतला, स्वतःचं मन तयार झालं तेव्हा. 'स्मृतिचित्रे' घराघरात वाचलं जातं, म्हणून आठवण करून दिली. निवड म्हणजे काय ते त्या बाईकडून शिकावं. आणि हेही सांगते: आजारी, खचलेल्या बिगरख्रिस्ती माणसाला समुपदेशनाच्या नावाखाली धर्म विकणारा कुणी असेल, तर तो माझ्या लेखी समुपदेशक नव्हे. खचलेल्या माणसाची संमती ही संमती नसते.

आता आपल्या लोकांशी. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण घर आपलं आहे.

माइकवरून गोळ्या फेकायला सांगणाऱ्या भावाला माझा पहिला प्रश्न: तुम्ही कुठलं बायबल वाचता? एलीया संदेष्टा ईजबेलीच्या भीतीने रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि म्हणाला, मला मरण येऊ दे. राजांच्या पहिल्या पुस्तकात एकोणिसावा अध्याय, काढून बघा. देवाने त्याला काय केलं? विश्वास कमी पडला म्हणून झापलं? नाही. झोपू दिलं. देवदूताने उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. परत झोपू दिलं. परत खायला दिलं. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी. आधी शरीर, मग उपदेश. माझ्या डॉक्टरांनीही हाच क्रम लावला होता.

पौलाने लूकला प्रिय वैद्य म्हटलंय. आपल्या शुभवर्तमानांपैकी एक लिहिणारा माणूस परंपरेने वैद्य मानला जातो आणि तुम्ही वैद्याच्या गोळ्या कचऱ्यात टाकायला सांगता! तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, "अविश्वासी आहेस" असं नाही म्हटलं. चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसावर हात ठेवून तो निघून गेला नाही. जखमेवर तेल-द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, खाणावळवाल्याला पैसे दिले.

आणि इयोबाचे मित्र. ते आपल्या मंडळीत दर रविवारी भेटतात मला. सात दिवस सात रात्री ते इयोबाजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांच्यासारखे मित्र नाहीत. मग त्यांनी तोंड उघडलं. तुझं काहीतरी पाप असेल, कबूल कर, नीट होईल. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर, इयोबावर नाही. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना डिप्रेशनच्या माणसाला "घरात काही गुप्त पाप आहे का?" असं विचारणारे पाळक मी स्वतः ऐकले आहेत.

ही विचारपद्धत कुठून येते तेही सांगते. १९७० मध्ये अमेरिकेत जे ॲडम्स नावाच्या पाळकाने 'कॉम्पिटंट टू काउन्सेल' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की शरीराचा आजार सोडला तर माणसाचे मनाचे म्हणवले जाणारे बहुतेक प्रश्न पापाचे असतात, आणि बायबल जाणणारा पाळक ते सोडवायला पुरेसा आहे. ती एक मोठी शाखा झाली, तिच्यात पुढे बरीच मवाळ आणि शहाणी माणसंही आली. पण आपल्याकडे यूट्यूबवरून पोचलं ते त्याचं सगळ्यात स्वस्त रूप. त्याच अमेरिकेत अँटन बोइसन नावाचा दुसरा पाळक होऊन गेला. तो १९२० मध्ये स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाला होता. बरा झाल्यावर मनोरुग्णालयातच चॅप्लेन म्हणून परत गेला, आणि १९२५ पासून पाळक होऊ घातलेल्यांना वॉर्डात रुग्णांजवळ बसवून शिकवू लागला. हे नाव आपल्या उपदेशकांच्या तोंडी कधी ऐकलं नाही मी.

परदेश कशाला, आपल्या देशात बघा. लखनौचं नूर मंझिल मानसोपचार केंद्र १९५० मध्ये उभं केलं ते स्टॅन्ली जोन्स या सुवार्तिकाने, तेही सुरुवातीच्या वर्षांत स्वतः मनाने पार कोसळून उठलेले होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र काढलं आणि रुग्णासोबत घरच्यांनी राहायची पद्धत घातली, जेव्हा बाकी ठिकाणी रुग्णाला गजाआड सोडून घरचे परतत होते. आपल्या सगळ्यात जवळचं मोठं मिशन हॉस्पिटल म्हणजे घाटावर मिरजेचं वॉन्लेस, १८९० च्या दशकातलं. डॉक्टर विल्यम वॉन्लेस प्रार्थना करायचे आणि चाकूही चालवायचे. ही आपली खरी परंपरा. गोळ्या फेका ही आपली परंपरा नाही, ती कुठूनतरी आलेली साथ आहे.

कॅथलिक बांधवांसाठी: तुमच्या धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातच, भूतबाधेविषयी सांगताना, मानसिक आजार ही वेगळी गोष्ट आहे आणि त्याचा उपचार हे वैद्यकशास्त्राचं काम आहे, असं म्हटलंय. तुमच्याकडे बिशपांच्या परवानगीशिवाय कुणा धर्मगुरूला भूत काढायचा विधी करता येत नाही. आत्महत्या केलेल्याला धार्मिक दफन नाकारण्याचा जुना १९१७ च्या संहितेतला नियम १९८३ च्या संहितेत उरलेला नाही. तरी आजही अशा घरात दफनाच्या दिवशी कुजबुज होतेच. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनाही निदान वर विचारणारं कुणी आहे. खरी भीती आहे ती भाड्याच्या हॉलमध्ये चालणाऱ्या सभांची, जिथे विचारणारं कुणीच नाही आणि अर्पणाची पिशवी मात्र तीन वेळा फिरते.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू. मानसिक रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला त्यात सक्त मनाई आहे. रुग्णांना राहायला ठेवून काळजी घेणारी कुठलीही जागा त्या कायद्याखाली नोंदवलेली हवी, मग पाटीवर "प्रार्थना भवन" लिहिलेलं असो नाहीतर "आश्रम". तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका खाजगी निवाऱ्याला आग लागली तेव्हा आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. अठ्ठावीस जणं गेली. श्रद्धेनेच आणून सोडली होती त्यांना घरच्यांनी. म्हणून कुणी "आमच्याकडे आठ दिवस ठेवा, सुटका होईल" म्हणालं की मला एरवाडी आठवतं.

आणि एक फट आहे, तीही दिसू दे. जादूटोणाविरोधी कायद्यात वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणं नाव घेऊन लिहिलंय ते कुत्रा, साप, विंचू चावल्याबद्दल. डिप्रेशनच्या गोळ्या बंद करायला लावणाऱ्याचा तिथे तसा उल्लेख नाही. म्हणजे सापाचं विष उतरवतो म्हणणारा अडकेल, आणि माइकवरून शंभर जणांच्या गोळ्या बंद करणारा शाल-श्रीफळ घेऊन पुढच्या गावाला जाईल. अचानक गोळ्या तोडल्यावर काय होतं ते ज्याच्या घरात झालंय त्याला विचारा. फिट येते, झोप उडते, आजार दुप्पट जोराने उलटतो, माणूस जिवावर उदार होतो. उपदेशक तेव्हा चिपळूण ओलांडून गेलेला असतो.

बायकांविषयी वेगळं लिहायला हवं. आपल्याकडे ख्रिस्ती समुपदेशनाला सगळ्यात जास्त जातात बायका, आणि निम्म्या वेळा विषय एकच असतो, नवरा. दारू, मारहाण, संशय. आणि पाळकीय सल्लाही एकच: क्षमा कर, प्रार्थना कर, अधीन राहा, तुझ्या नम्रतेने तो बदलेल. मी एका ओळखीच्या मुलीबरोबर अशा सल्ल्याला बसले होते. तिच्या कानाखालचा वळ ओढणीतून दिसत होता. समोरच्या माणसाने नवऱ्याला बोलावलं, दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले, प्रार्थना केली, चहा झाला. ती त्याच रात्री परत मार खाऊन माहेरी आली. तिने आत जे जे सांगितलं होतं ते सगळं त्याला समोरासमोर कळलं होतं ना! हे समुपदेशन नव्हे, ही चुगली झाली. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ पासून आहे, जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, हे पाळकाला माहीत नसेल तर त्याने नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये. क्षमा ही बाईच्या आणि देवाच्या मधली गोष्ट आहे. तिला त्याच घरात परत पाठवणं ही दुसरी गोष्ट. या दोन गोष्टी एक करणारा पाळक कितीही गोड बोलत असला तरी त्याच्याकडे जाऊ नका.

गुप्ततेचंही तसंच. लोकांना वाटतं पाळकाला सांगितलं म्हणजे देवाला सांगितलं. कॅथलिक पापकबुलीची मोहर वेगळी, ती मोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चची सगळ्यात कडक शिक्षा आहे. पण व्हरांड्यात खुर्ची टाकून केलेल्या बोलण्याला तशी मोहर नसते. रत्नागिरीत आपण आहोत किती? सगळे एकमेकांचे सोयरे. मंगळवारी सांगितलेलं शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनेत "एका बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या मुलाला असं असं होतंय" म्हणून येतं. नाव घेत नाहीत, पण घ्यायची गरज असते का? मी मिरजेला फोन का करत होते ते आता कळलं असेल. समुपदेशक माझ्याच बाकावर बसणारी नको होती. आणि बरं झाल्यावर पुढे येऊन साक्ष दे म्हणून गळ घालणंही बंद झालं पाहिजे. ज्याला द्यायची तो देईल.

मग निवडायचं कसं, असं मला इनबॉक्समध्ये बऱ्याच जणी विचारतात. मी तरी पहिल्या भेटीतच विचारते: तुम्ही काय शिकलात आणि कुठे? सेमिनरीत पाळकीय समुपदेशनाचा एक विषय असतो, तो चांगला असतो, पण तेवढ्याने माणूस मानसशास्त्रज्ञ होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते, ती मागायला लाजू नका. "समुपदेशक" अशी पाटी लावणाऱ्याला मात्र अजून तरी आपल्याकडे कुणी काही विचारत नाही. मग विचारते, तुम्हाला झेपलं नाही तर तुम्ही कुणाकडे पाठवता? ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर म्हणून एकाही डॉक्टरचं नाव नाही, तिथून उठते. फी घेतली तर मला वावगं वाटत नाही, उलट ठरलेली फी बरी. "जे मनात येईल ते अर्पण करा" हे फार महागात पडतं. आणि आवाज ऐकू येत असतील, कुणी मागे लागलंय असं वाटत असेल, चार-चार दिवस झोप नसेल, जीव द्यायचे विचार येत असतील, तर पहिलं दार डॉक्टरचं. समुपदेशन त्याच्या जोडीला, नंतर.

सगळ्यांनी माझ्यासारखंच करावं असंही नाही. माझी मुलगी स्वतःसाठी जाते ती पुण्याच्या एका अजिबात धार्मिक नसलेल्या थेरपिस्टकडे, आणि तिला तिथे बरं वाटतं. ती म्हणते, "मम्मी, मला तिथे तरी मंडळी नको." पटलं मला. घरच्यांनी जबरदस्तीने पास्टरसमोर बसवलेला वीस वर्षांचा पोरगा जे बोलतो ते समुपदेशन नसतं, ती हजेरी असते.

आसामात २०२४ मध्ये जादुई उपचार रोखायचा कायदा झाला. तिथल्या ख्रिस्ती संघटनांनी सांगितलं की आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करणं ही जादू नाही. बरोबरच आहे त्यांचं. पण उद्या इथे तशी वेळ आली तर माझ्यासारखीने कोणत्या तोंडाने हे म्हणायचं, जर आमच्याच सभांत माइकवरून गोळ्या फेकायला सांगत असतील आणि आम्ही आमेन म्हणत असू? त्या दिवशी सभा संपल्यावर मी उपदेशकांना गाठलं आणि विचारलं, "भाऊ, तुमचा चष्मा पण कचऱ्यात टाकणार का?" ते हसले आणि म्हणाले, बहिणी, तुझ्यासाठी प्रार्थना करतो. शेजारची बाई घरी गेली. रात्री मी फोन केला. गोळी घेतली होती तिने.

येत्या वार्षिक सभेत मी मंडळीपुढे लेखी मांडणार आहे: बाहेरून बोलावलेल्या कुठल्याही वक्त्याने औषधं बंद करायला सांगायचं नाही, हे आमंत्रणातच लिहून द्यायचं. समुपदेशनात ऐकलेलं प्रार्थनेच्या निमित्तानेही बाहेर काढायचं नाही. बाईशी बोलायला शिकलेली बाई असावी, आणि पाळकसाहेबांच्या टेबलावर मानसोपचार डॉक्टरांचे आणि संरक्षण अधिकाऱ्यांचे नंबर असावेत. अनुमोदन द्यायला दोन सह्या लागतात, एक मिळाली आहे. दुसऱ्या मंडळ्यांतल्या कुणाला हा मसुदा हवा असेल तर मेसेज करा, पाठवते.

कॉमेंटमध्ये त्या उपदेशकाचं नाव विचारू नका आणि तर्क लढवून लिहूही नका, काढून टाकीन. ग्रुपवर प्रश्न विचारून निघून गेलेली व्यक्ती हे वाचत असेल तर मला खाजगीत लिहा, ताईंना विचारून त्यांचा नंबर देते. आणि रात्री-अपरात्री कुणाला गरज लागली तर टेलिमानसचा सरकारी नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीतून बोलतात.